पावशेर तूप

"सर, पण त्या तुपाचं पुढं काय झालं?"

बी.ए.च्या वर्गात तुकोबांच्या गुरूपदेशाचा अभंग शिकवीत होतो, तेव्हा शेवटच्या बाकावरून हा प्रश्न आला. तीन वर्षे झाली त्याला. या अभंगात गुरुकृपेची सारी हकीकत तुकोबा स्वतःच सांगतात. कृपा झाली ती स्वप्नात. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला. राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी परंपरेची खूण सांगितली, आपले नाव बाबाजी म्हणून सांगितले आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमीचा, वार गुरुवार. मी फळ्यावर परंपरा लिहिली, तिथी लिहिली, खाली दोन रेघा मारल्या. परीक्षेला येते ते एवढेच.

पण या हकीकतीच्या मधोमध एक लहानशी गोष्ट आहे. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि तुकोबा म्हणतात, स्वप्नात त्याचा विसरच पडला. मग काहीतरी अंतराय आला असावा, म्हणून गुरू त्वरेने निघून गेले. ही जागा मी दरवर्षी भरभर वाचून पुढे सरकत असे. मावळातल्या त्या पोराने मला तिथेच अडवले. वर्ग हसला, मीही हसलो. म्हणालो, "अरे, स्वप्नातलं तूप ते! त्याचं काय होणार?" तास संपला. जाता जाता तो म्हणाला, "सर, एकदा देहूला या की. आमचं घर तिथनं जवळच आहे. आमच्या आजीला इचारू." मी बरे म्हटले. असल्या आमंत्रणांना आपण नेहमीच बरे म्हणतो.

पुढे पावशेर तुपाची आठवण मला फार निराळ्या कारणाने झाली.

येत्या फाल्गुनात आई जाऊन दोन वर्षे होतील. शेवटचे अकरा दिवस ती दवाखान्यात होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "तोंडाला चव नाही रे. उद्या येताना लिंबाच्या लोणच्याची एक फोड आण घरातली. बरणीला दादरा बांधलाय, तो नीट सोड आणि परत बांधून ठेव." मी हो म्हटले आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. "असू दे, उद्या आण," ती म्हणाली. त्या रात्री उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवायचा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरलो. तिसऱ्या दिवशी लोणचे नेण्याची गरज उरली नाही. गोष्ट एवढीच आहे. डॉक्टरांनी ती फोड तिला कदाचित खाऊही दिली नसती. तसे मी मनाला पुष्कळ वेळा सांगितले आहे.

आई गेल्यावर ती सगळ्यांच्या स्वप्नांत येऊ लागली. कऱ्हाडच्या अक्काकडे तर तिची महिन्याला फेरी असे. अक्का फोनवर सांगायची, "काल आली होती रे. ओटा पुसत होती. म्हणाली, तुमच्याकडं पाण्याची बोंब कशी नाही गं?" धाकट्या भावाच्या बायकोला ती हिरव्या लुगड्यात दिसली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनाही एकदा दिसली, आणि भांडी नीट घासत नाही म्हणून रागावली. सगळ्यांकडे जाऊन येताना वाटेवरचे माझे घर तेवढे ती गाळीत होती.

"तुझ्या स्वप्नात येत नाही, म्हणजे तिचं तुझ्यापाशी काही अडकलेलं नाही," अक्का समजुतीने म्हणाली. मी काही बोललो नाही. काय अडकले होते ते तिला मी सांगितलेलेच नव्हते.

आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. एकदा चहा घेताना मी त्यांना सहज म्हणावे तसे म्हटले, "मला बुवा स्वप्नंच पडत नाहीत."

"पडत नाहीत असं म्हणू नका," ते म्हणाले, "आठवत नाहीत असं म्हणा. काल रात्री तुम्हाला निदान चार-पाच तरी पडली असतील."

मग त्यांनी जे सांगितले, ते मला एखाद्या कादंबरीसारखे वाटले. १९५०च्या सुमारास शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी झोपेवर संशोधन करीत होता. अडगळीत पडलेले एक जुने यंत्र त्याने चालू केले आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा लावून त्याला झोपवले. मूल गाढ झोपलेले, आणि यंत्राची लेखणी तर एकाएकी थरथरू लागलेली! मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर इकडून तिकडे फिरत होते. अशा वेळी माणसाला उठवले, तर तो बहुधा स्वप्न सांगतो. ॲसेरिन्स्की आणि त्याचे गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांनी ही गोष्ट १९५३ साली प्रसिद्ध केली. पुढे १९५७ साली विल्यम डेमेंट आणि क्लाइटमन यांनी डोळे फिरत असताना माणसांना १९१ वेळा उठवले. त्यांतल्या १५२ वेळा त्यांना स्वप्न सांगता आले.

झोप ही एकसंध काळोखी विहीर नाही. तिला सुमारे नव्वद मिनिटांची आवर्तने असतात. रात्रीतून अशी चार ते सहा होतात आणि प्रत्येकाच्या शेवटी हा डोळे फिरण्याचा काळ येतो. पहिल्या आवर्तनात तो दहाएक मिनिटांचा, तर पहाटेच्या आवर्तनात अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक. स्वप्ने पडण्याची मुख्य वेळ हीच, पण एकच वेळ नव्हे. इतर झोपेतही ती पडतात, बरीचशी तुटक आणि फिकी. म्हणजे रात्रीतून नेमकी किती स्वप्ने पडतात, हे रुपये मोजावे तसे मोजता येणार नाही. पण एकही पडले नाही, असे सहसा होत नाही.

"मग जातात कुठं?" मी विचारले.

"जात नाहीत, मुळात ठसाच नीट उमटत नाही. आठवण पक्की करायला नॉरॲड्रेनलिन नावाचं द्रव्य मेंदूला लागतं, आणि स्वप्नाच्या त्या वेळी त्याचं प्रमाण अगदी तळाला गेलेलं असतं. स्वप्न चालू असताना किंवा संपल्या संपल्या जाग आली तरच हाताला काही लागतं. फ्रान्समध्ये लिआँ इथं २०१४ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. ज्यांना स्वप्नं पुष्कळ आठवतात, ती माणसं रात्रीतून मिळून अर्धा तास जागी असत, आणि ज्यांना आठवत नाहीत, ती साधारण पाव तास. तुमच्या अक्कांना झोप कशी लागते?"

"तिला गुडघेदुखी आहे. रात्रीतून दहा वेळा उठते."

"झालं तर!" ते म्हणाले. "आणि तुम्ही गजराच्या घड्याळानं उठता. गजर वाजला की आधी महाविद्यालय आठवतं."

शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. झोपेत हातवारे करण्याचा, बोलण्याचा एक विकार असतो. अशा रुग्णांत स्वप्ने हातापायांतून बाहेर पडतात. त्यांच्यापैकी काहीजण, आपल्याला आयुष्यात कधी स्वप्न पडलेले आठवतच नाही, असे शपथेवर सांगणारे निघाले. रात्री त्यांचे चित्रण केले, तर तेच लोक झोपेत भांडत होते, वाद घालीत होते. फ्रान्समधल्याच संशोधकांनी २०१५ साली हे प्रसिद्ध केले आहे. ते ऐकून मी कप खाली ठेवला. म्हणजे आई माझ्याकडे येऊन जातही असेल! दार मीच उघडत नसेन. मग आठवले ते पावशेर तूप. मागितलेली वस्तू द्यायला विसरणे, ही गोष्ट तुकोबांनी त्या अभंगात कशाला नोंदवून ठेवली असेल?

आश्विनाच्या आरंभी एका शनिवारी मी त्या विद्यार्थ्याला फोन केला आणि शिवाजीनगरला लोणावळ्याची लोकल पकडली. खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी करीत गाडी देहूरोडला आली. स्टेशनवरून गाव पाचसहा किलोमीटर आत. रिक्षात माझ्याशेजारी एक बाई तुळशीचे रोप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाऊस नुकताच उघडला होता; रस्त्याच्या कडेची धूळ अजून उडू लागली नव्हती. नव्या इमारतींच्या रांगा संपता संपता कमान आली, पेढ्यांची, बुक्क्याची आणि टाळांची दुकाने आली, आणि मग डाव्या-उजव्या गल्ल्यांतून मधूनच इंद्रायणी दिसू लागली.

देहूला मी पूर्वी चारदा गेलो होतो. दोनदा सहलीबरोबर, दोनदा आईबरोबर. पण हे गाव किती स्वप्नांवर उभे आहे, याचा विचार पूर्वी केला नव्हता. तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबाबा पंढरीची वारी करीत. देव त्यांच्या स्वप्नात आला आणि 'मीच तुझ्या गावी आलो आहे' म्हणाला; मग आंब्याच्या वनात मूर्ती सापडली, अशी देऊळवाड्यातल्या विठ्ठल-रुक्मिणीची कथा आहे. पुढे त्या घराण्यात तुकोबा झाले, आणि त्यांच्या स्वप्नात पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेव आले. नामदेवांचा शंभर कोटी अभंगांचा संकल्प अपुरा राहिला होता. उरलेले तू पुरे कर, असे काम त्यांनी सांगितले. तिसरे स्वप्न बाबाजींचे. हे बाबाजीचैतन्य, त्यांची समाधी जुन्नर तालुक्यात ओतूरला आहे. आणि चौथे स्वप्न देहूचे असून देहूत पडलेले नाही. कोल्हापुरात राहणाऱ्या एका तरुण ब्राह्मण स्त्रीने जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकले, त्यांच्या दर्शनाचा ध्यास घेतला, आणि तुकोबांनी स्वप्नातच तिला उपदेश केला. ती बहिणाबाई. नवऱ्याचा रोष सोसून ती पुढे देहूला आली, आणि ही सारी हकीकत तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवली. जातीची, घरची, गावची सगळी दारे बंद असताना तिला स्वप्नाचे एक दार उघडे सापडले. समाजाला त्याला कडी घालता आली नाही.

विद्यार्थी कमानीपाशी वाट पाहत उभा होता. आता तो एका शाळेत शिकवतो. दोघे मिळून गाथामंदिरात गेलो. तिथे संगमरवरी भिंतींवर गाथेतले अभंग कोरले आहेत. माणसे भिंतींपाशी उभी राहून आपापला अभंग शोधीत असतात. कुणी बोटाने ओळी लावतो, कुणी मोबाइलवर फोटो काढतो. आम्हीही शोधू लागलो. पुष्कळ हिंडल्यावर तो म्हणाला, "सर, हा बघा." मी त्या अक्षरांवर हात ठेवला. दगड गार होता. परंपरा, मंत्र आणि तिथी यांच्या शेजारीच तूपही तेवढ्याच खोल कोरलेले होते. कोरणाऱ्याने माझ्यासारखे ते भरभर ओलांडले नव्हते.

तिथे उभे असताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. समजा, एखाद्याने आपल्या गुरूचे मोठेपण पटवण्यासाठी स्वप्न रचून सांगायचे ठरवले, तर तो तूप कशाला घालील? आणि घातलेच, तर आपण ते आनंदाने वाढले असे सांगेल. विसरलो असे सांगणार नाही. स्वप्नाची खरी खूण ही अशीच असते. ते मोठ्या गोष्टीच्या शेजारी एक क्षुल्लक वस्तू ठेवते, ती मागते, आपण ती आणायला जातो, आणि तेवढ्यात सारे विसकटते. ज्याला खरोखर स्वप्न पडले, त्यालाच हे ठाऊक असते. तुकोबांनी आपली फजिती गाळली नाही. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने स्वप्न कसे आठवावे आणि कसे सांगावे याचा असा वस्तुपाठ घालून ठेवला आहे, आणि मी मात्र तो दरवर्षी 'परीक्षेला नाही' म्हणून सोडून देत होतो.

दुपारी त्याच्या मोटारसायकलवर बसून भंडाऱ्याच्या डोंगरावर गेलो. तुकोबा चिंतनाला इथे येत. डोंगरात त्यांच्याही कितीतरी शतके आधीची बौद्ध लेणी आहेत. एकांत शोधणाऱ्यांना ही जागा फार पूर्वीपासून ठाऊक होती. वर आता मोठ्या दगडी मंदिराचे काम मांडलेले आहे, आणि खाली तळेगाव-चाकण रस्त्यावर मालमोटारींची न तुटणारी रांग. पण कड्याच्या बाजूला सरकले की गुडघाभर गवत, त्यात पिवळी सोनकी, आणि दूर इंद्रायणीचे वळण. मी गवतात बसलो. दिवसभर आईचाच विचार डोक्यात होता, हे कबूल केले पाहिजे. चरकाने स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढे घडणाऱ्याची सूचना देणारे आणि दोषांमुळे पडणारे. त्यांतली पहिली पाच निष्फळ, असे तो वैद्य स्पष्ट सांगतो. म्हणजे इच्छा करून पाहिलेल्या स्वप्नाला काही किंमत नाही. पण त्याच ठिकाणी तो असेही म्हणतो, की रात्रीच्या आरंभी पडलेले स्वप्न अल्प फळ देते, आणि जे पाहिल्यावर माणूस पुन्हा झोपत नाही, ते मोठे फळ देते. आपल्याकडच्या बायका हेच दोन शब्दांत सांगतात: पहाटेचे स्वप्न खरे. फळाचे सोडून द्या. पण पहाटेचे स्वप्न सर्वांत लांब असते, आणि पाहून पुन्हा न झोपणाऱ्यालाच ते आठवते, एवढे तर यंत्रांनीही सांगितले आहे. लोकांनी जे पुष्कळ वेळा आठवले, त्यालाच खरे म्हटले असावे.

रात्री पिठले, बाजरीची भाकरी आणि ताजे लोणी असा बेत होता. विद्यार्थ्याची आजी ऐंशीच्या पुढची. साठ वर्षे वारी केलेली, आता गुडघ्यांनी नकार दिला म्हणून आळंदीपर्यंतच जाते. जेवताना नातवाने तुपाचा प्रश्न काढलाच.

आजी म्हणाली, "त्यात काय इचारायचं? पाव्हणा जेवायला थांबला आसंल, घरात तूप नसंल. दुष्काळात सारं गेल्यालं. तुकोबाच्या मनाला लागलं आसंल त्ये."

मी घास हातात धरून तसाच राहिलो. दुष्काळाने तुकोबांचे घर धुऊन नेले होते, पहिली बायको अन्नाविना गेली होती, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण ते घर आणि ते तूप मी कधी एकत्र आणले नव्हते.

"आनि मास्तर," ती पुढे म्हणाली, "दिवसा जे द्यायचं ऱ्हातं, त्येच रातीला मागाया येतं."

माझे अंथरूण पडवीत घातले होते. प्राध्यापकांनी सांगितल्याप्रमाणे मी उशाशी वही आणि पेन्सिल ठेवली, मोबाइलचा गजर बंद केला. ते म्हणाले होते, जाग आली की हलू नका. कूस बदलली की स्वप्न सांडते. डोळे मिटूनच पडून राहा आणि शेवटचे जे हाताला लागेल, ते धरून मागे मागे जा. नदीचा आवाज येत नव्हता, पण नदी जवळ आहे हे गारव्यावरून कळत होते.

मध्यरात्रीनंतर केव्हातरी कुत्र्याच्या भुंकण्याने जाग आली. काहीतरी निसटत होते. अंधारातच वहीत एक शब्द लिहिला. सकाळी पाहिला तर 'जिना' असा होता. कुठला जिना, कुणाचा, ते आजतागायत कळलेले नाही. त्या जिन्याच्या वर काय होते, ते गेले ते गेलेच.

दुसऱ्यांदा जाग आली ती काकड्याच्या आवाजाने. दूरवर मृदंग चालू होता. मी हललो नाही. हाताला एक गाठ लागत होती. कापडाची, घट्ट बसलेली, तेलकट गाठ. ती धरून मागे गेलो. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरातले माजघर. फळीवरची चिनी मातीची बरणी मी मांडीत घेतली आहे. दादऱ्याची गाठ सुटत नाही. मला घाई आहे, कुठेतरी तास आहे, मुले वर्गात बसली आहेत. नखे दुखत आहेत. मागून कुणीतरी म्हणते, "राहू दे, तुला नाही जमायचं. मी सोडते." आणि माझ्या खांद्यावरून दोन हात पुढे येतात. हातांना मेथीचा वास आहे. एवढेच.

मी मागे वळून पाहिले नव्हते. स्वप्नात मला ते सुचलेच नाही. माझे सारे लक्ष गाठीकडे होते. ती सुटली की नाही, तेही पाहिलेले नाही. पडवीत पडल्या पडल्या मला आधी भयंकर चुटपूट लागली. दोन वर्षे जिची वाट पाहिली, ती पाठीशी येऊन उभी राहिली आणि मी बरणीकडे पाहत बसलो! मग हळूहळू चुटपूट कमी झाली. त्या आवाजात राग नव्हता. लोणचे विसरलास असेही ती म्हणाली नव्हती. नेहमीसारखी, मला काही जमत नाही म्हणून वैतागली होती, बस्स.

आजी अंगणात सडा घालीत होती. तिने वर न पाहताच विचारले, "पडलं का सपान?"

मी सांगितले. लोणच्याची गोष्टही सांगितली. अक्काला सांगितली नव्हती ती. आजीने ऐकून घेतले.

"पण आजी, तोंड नाही दिसलं," मी म्हटले.

"हात वळखलं न्हवं?" ती म्हणाली. "मंग? आन् च्या घ्या, गार व्हतोय."

हे स्वप्न कुणी पाठवले, असे मी म्हणत नाही. दिवसभर तोच विचार केला, परक्या घरी झोप सावध लागली, काकड्याने नेमक्या वेळी उठवले. प्राध्यापकांना विचारले असते, तर त्यांनी प्रत्येक धागा सुटा करून दाखवला असता, आणि तो बरोबरच ठरला असता. चरकाच्या यादीत त्याची जागा इच्छिलेल्या, म्हणजे निष्फळ स्वप्नांत. तरीही गेल्या दोन वर्षांतल्या सातशे रात्रींत, रात्रीला चार-पाच म्हटली तरी, तीन हजारांच्या आसपास स्वप्ने मी पाहिली असतील आणि उशीवरच ठेवून उठलो असेन. त्यांतल्या कितींत ती येऊन गेली, याचा हिशेब कुठेच नाही. एक तेवढे मी धरून आणले. पुरते तेही नाही. एक गाठ आणि दोन हात.

निघताना नदीवर गेलो. पाणी पुष्कळ होते. दोन बायका घाटाच्या पायरीवर बसून माशांना चुरमुरे घालीत होत्या. पाण्यात बुडालेल्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्याची कथा याच नदीची. आई दर वेळी इथे उभी राहून ती पुन्हा सांगायची, जणू आम्हाला माहीतच नाही. विद्यार्थी स्टेशनवर सोडायला आला. "सर, पुढच्या वर्षी तो अभंग शिकवाल तेव्हा तुपाचं सांगाल ना?" म्हणाला. मी हो म्हटले, आणि हे विसरायचे नाही म्हणून त्याच्यासमोरच वहीत लिहून ठेवले.

देहूरोडच्या फलाटावरून अक्काला फोन लावला.

"दिसली?" तिने एकदम विचारले.

"दिसली नाही. बोलली."

"काय म्हणाली?"

"मला काही जमत नाही म्हणाली."

पलीकडे अक्का हसली आणि मग काही वेळ बोललीच नाही.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून बरणी काढली. आईने शेवटचे घातलेले लोणचे त्यात होते. दोन वर्षे तिला कुणी हात लावला नव्हता. दादऱ्याची गाठ खरोखरच घट्ट बसली होती. मी थोडा वेळ खटपट केली. "अहो, द्या इकडं," बायको म्हणाली आणि तिने ती सोडली. आतले लोणचे काळे पडले होते, पण खराब झाले नव्हते; लिंबाचे लोणचे मुरले की तसेच होते. त्या रात्री पानात एक फोड वाढून घेतली. फार आंबट होती.